अठरावा रकाना

फॉर्मवर अठरा प्रश्न होते.
सतरांची उत्तरं मी उभ्या उभ्या लिहिली.
नाव स्काइद्रीते. वय एकोणसत्तर. रीगा,
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
खिडक्या दोन, दोन्हींना जाळी लावून घेईन.
घरात लहान मुलं नाहीत. मोठीही नाहीत,
मुलगा डब्लिनला मासे गोठवतो.

अठरावा:
तुमच्या माघारी मांजराला कोण बघेल?

"सगळ्यांनाच विचारतो हो,"
आसराघरातली मुलगी पेनचं टोपण चावत म्हणाली.
खोटं. शेजारच्या कोवळ्या जोडप्याने
तो रकाना कोरा सोडला होता
आणि ते पिल्लू घेऊन निघालेही होते.

मला नकोच होतं पिल्लू.
मला कोपऱ्यातला तो चौदा वर्षांचा बोका हवा होता,
राखाडी, कुणी तिकीट पंच करावं
तसा एक कान कातरलेला.
पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं:
सापडला – शेवटचा ट्रामथांबा, वाळूची पेटी.

एकतीस वर्षं मी डेपोत वाळू भाजली.
लोकांना वाटतं, ट्राम विजेवर चालते.
चालते विजेवर,
थांबते वाळूवर.
ऑक्टोबरात रुळांवर पानं कुजून साबण होतो,
जानेवारीत काच.
तेव्हा चालक पायाने खटका दाबतो
आणि चाकाखाली मूठभर सांडते
माझी कोरडी, परतलेली, हाताला ऊब देणारी वाळू.
हे मी त्या मुलीला सांगितलं नाही.
ती म्हणाली असती, छान, पण अठरावा?

अर्वीड्स गेला. बहिणीला मांजराने शिंका येतात.
एकच नाव उरलं,
आणि ते माझ्या डोक्यावर राहतं.
रुफिना पावलोव्ना, चौथा मजला.
अकरा वर्षांपूर्वी तिच्या न्हाणीतलं पाणी
माझ्या छतातून उतरलं.
मी लाटव्हियनमध्ये ओरडले, ती रशियनमध्ये,
मग दोघी आपापल्या भाषेत गप्प बसलो.
डाग अजून आहे. रंग दिला नाही,
पुरावा म्हणून ठेवलाय.

बावीस पायऱ्या.
तिने दार उघडलं, कोपरापर्यंत पीठ.
"पुन्हा गळतंय?"
लाटव्हियनमध्ये, आणि इतकं नेमकं
की मला रागच आला.
कधी शिकली ही? कुणाशी बोलायला?

"मांजर," मी म्हणाले. "मी मेले तर."
तिने कागद लांब धरून वाचला,
पिठाची बोटं उमटवत.
"आणि मी आधी मेले तर?"
त्याला फॉर्मवर जागा नव्हती.
तिने सही केली, तिच्या अक्षरांत.
मी चार पायऱ्या उतरले, तशी मागून म्हणाली,
"छताचे पैसे देणार नाही."
"मागितले कुणी?"

शनिवारी त्याला ट्रामने आणलं.
सगळ्या वाटेत एकदाही ओरडला नाही,
फक्त वळणावर पिशवीत नखं रोवून बसला.
घरी मांडलेल्या ट्रेकडे बघून मान फिरवली.
दुकानातली वाळू, लॅव्हेंडरच्या वासाची.
बरोबर आहे त्याचं.

रात्री अंगणातल्या बर्फावर टाकायच्या पेटीतून
मी डबाभर आणली, लोखंडी कढईत घातली
आणि गॅससमोर उभी राहिले.
हात विसरला नव्हता.
ओला वास आधी, मग धुराचा,
मग कसलाच नाही, तेव्हा उतरवायची.
बोका कढईकडे बघत बसला,
जणू रात्रपाळीचा जोडीदार.

तेवढ्यात वरून दोन ठोके.
तक्रार होती की विचारपूस, कळेना.
मी खुर्चीवर चढून झाडूच्या दांड्याने
दोनदा उलट ठोकलं,
बरोबर डागावर.

रंगाचा एक पोपडा सुटला
आणि खाली निवत ठेवलेल्या वाळूत पडला.
बोक्याने तो हुंगला.
मग पंजाने
नीट पुरून टाकला.